कोपऱ्यातली बाई

नवा चष्मा डोळ्यांवर चढला आणि ती मुलगी किंचाळली. घसा फाडून नव्हे. पायावरून पाल गेली की माणूस श्वास आत ओढत जसा ओरडतो, तशी. स्टूल मागे गेलं, काउंटरवरचा आरसा कलंडला, भिंतीशी फ्रेमा बघत उभी असलेली गिऱ्हाइकं वळली. मला वाटलं, दांडी भाजली. चष्म्याच्या दांड्या गरम हवेवर धरून कानामागे नीट बसतील अशा वाकवायच्या हे माझं रोजचं काम, आणि घाईत कधी ती पुरती निवायच्या आधीच गिऱ्हाइकाच्या कानावर जाते. "चटका बसला का गं?" म्हणत मी हात पुढे केला, तर मुलगी आणखी मागे, थेट आईच्या अंगावर. कॉलेजात जाणारी, चांगली उंचीपुरी मुलगी. नंबर वाढलेला कळलाच नव्हता म्हणे, कित्येक महिने फळ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. आणि आता जग एकदाचं लख्ख झालं, तर त्यात सगळ्यात आधी दिसला तो हातभर अंतरावरचा माझा चेहरा.

"आई, ही ती आहे," मुलगी म्हणाली. "कोपऱ्यातली बाई."

"कोण बाई?"

"'व्यत्यय'मधली गं. हात हलवते ती."

आईने माझ्याकडे ओशाळून बघितलं. "मनावर घेऊ नका हं. दिवसभर त्या फोनमध्ये डोकं. भुताखेतांचं काय काय बघत असतात." मी हसले, आरसा उभा केला. साठीला आलेल्या बाईला बघून कुणी दचकलं तर त्यात रागावण्यासारखं काय, असं मनाशी म्हणत होते. पण मुलीचं कुतूहल आता भीतीच्या वर चढलं होतं. तिने फोन काढला, काहीतरी शोधलं आणि काठीने साप दाखवावा तसा हात लांब करून माझ्यासमोर धरला.

पडद्यावर मुंग्या होत्या. जुन्या टीव्हीवर यायच्या तशा, करड्या, उकळत्या. मग त्यांतून एक चित्र वर आलं. कडा थरथरत होत्या, खालून एक पांढरा पट्टा सरकत होता, टेप खराब झाली की दिसायचा तसा. टेबलामागे बातम्या वाचणारा माणूस, त्याचा चेहरा ओल्या बोटाने पुसल्यासारखा. आवाज पाण्याखालून येत होता. आणि खालच्या कोपऱ्यात एक गोल. गोलात एक बाई, गडद कपडे, घट्ट बांधलेले केस, हनुवटीवर तीळ. तिचे हात बोलत होते आणि चेहरा भिंतीसारखा होता. बातम्या संपल्या, माणूस गेला, टेबल अंधारलं. गोल तेवढा उरला. हात चालूच. मग गोल मोठा व्हायला लागला.

मुलीने फोन खाली घेतला. "तुम्हीच ना?"

"मीच," मी म्हणाले. मालकांनी आतून पुढच्या गिऱ्हाइकाचं नाव पुकारलं, ते गृहस्थ येऊन स्टुलावर बसले, आणि त्यांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मी पट्टीने तीनदा मोजलं.

संध्याकाळी घरी चालत जाताना प्रत्येक दुकानाच्या काचेत मी स्वतःला बघत होते, आणि बघितलं की नजर काढून घेत होते. ती वर्षं मी घडी घालून इतकी खाली ठेवली होती की ती कुणी उलगडेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. माझा दादा जन्मापासून बहिरा. घरात त्याच्याशी नीट बोलणारी मी एकटी. आईला मोजक्या खुणा यायच्या, जेव, झोप, अभ्यास, खबरदार. वडिलांना तेवढ्याही नाहीत. दादाच्या शाळेतली मुलं घरी यायची, जिन्यात बसून त्यांचे हात तासन्‌तास चालायचे आणि मी त्यांच्यात बसून ती भाषा उचलली, इतर मुलं गल्लीत खेळताना शिव्या उचलतात तशी. हनुवटीला बोट लावलं की ते माझं नाव, तिळावरून. पुढे टीव्ही केंद्रावर बहिऱ्यांसाठी आठवड्याच्या बातम्या सुरू व्हायच्या होत्या आणि खुणा करणारं कुणी मिळेना, तेव्हा त्या शाळेनेच मला पाठवलं. निळ्या पडद्यासमोर उभं राहायचं, कानात वाचणाऱ्याचा आवाज ऐकायचा आणि हातांनी सांगायचं. पहिल्याच दिवशी मी एका पुराची बातमी सांगितली आणि काचेमागून निर्माते धावत आले. "बाई, तोंड वेडंवाकडं करू नका. लोक जेवत असतात." मी म्हटलं, साहेब, भुवया वर गेल्या की प्रश्न होतो, गाल फुगले की मोठं, ओठ आवळले की बारीक, चेहरा काढून घेतलात तर निम्मी भाषा गेली. ते शांतपणे म्हणाले, "हात आहेत ना? पुष्कळ झालं." तेव्हापासून मी चेहरा मेकअपच्या खोलीत काढून ठेवायची आणि नुसते हात घेऊन आत जायची. दादा आणि त्याचे मित्र दर रविवारी बघायचे. दादा म्हणायचा, कळतं गं सगळं, पण मेलेल्या माणसाने सांगितल्यासारखं कळतं. नंतर नंतर गोल लहान होत गेला. आधी मी बशीएवढी होते, मग बाटलीच्या झाकणाएवढी, मग शर्टाच्या बटणाएवढी. शेवटी बटणही तुटलं आणि मी चष्म्याच्या दुकानात लागले. आणि आता तो काढून ठेवलेला चेहरा कुणाला तरी सापडला होता. त्या दुकानांच्या काचांमध्ये तोच दिसत होता मला, साठीचा झालेला.

वहिनी गेल्यापासून दादा माझ्याकडेच राहतो. जन्म छापखान्यात गेला त्याचा. यंत्रांच्या खडखडाटाने बाकीचे कामगार पन्नाशीत बहिरे व्हायला लागले तेव्हा हा त्यांना खुणा शिकवायचा आणि म्हणायचा, या, या, उशीर केलात. मी त्याला लॅपटॉपवर 'व्यत्यय' ही ती मालिका लावून दिली. बरेच भाग होते. मी स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठ करून उभी राहिले, कारण त्याचा चेहरा बघवला नसता. आणि मागे त्याचं हसणं सुरू झालं. दादा हसतो तेव्हा शेजारच्यांना कळतं, त्याच्या हसण्याला कुणी कधी आवर घालायला शिकवलेला नाही. मी वळले. तो डोळे पुसत होता.

"उलटं आहे," त्याचे हात म्हणाले. "टेप उलटी फिरवलीये यांनी. तू मागून पुढे बोलतेयस. बघ, तू म्हणतेयस, भाज्या महाग झाल्या, आणि भाज्या तुझ्या तोंडातून बाहेर येऊन बाजारात चालल्यात."

मलाही हसू फुटलं. खाली लोकांनी शेकड्यांनी लिहिलेलं होतं, ते मी त्याला वाचायला दिलं. ही पापणी हलवत नाही. हिच्या चेहऱ्यामागे कुणी नाहीये. मी लाइट लावून झोपलो. कुणीतरी विचारलं होतं, हे हातवारे म्हणजे काय आहे. आणि कुणीतरी मोठ्या जाणकारीने उत्तर दिलं होतं, काहीच नाही, नुसतं भीती वाटावी म्हणून. दादाने ते वाचलं आणि पुढचा भाग लावला. तो पुराचा होता. माझ्या पहिल्या दिवसाचा नव्हे, नंतरच्या कुठल्यातरी पुराचा, पण तेच शब्द: पाऊस पडला, पाणी चढलं, माणसं बुडाली. पडद्यावर माझे हात चालले होते. दादा सवयीने वाचत होता, हसायच्या तयारीत. आणि त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. मीही वाचलं. खालून वर येणारी बोटं: माणसं पाण्यातून वर आली. पाणी उतरलं. पाऊस आभाळात परत गेला. माणसं वर आली. आणि हे सगळं त्या भिंतीसारख्या चेहऱ्याने. दादाने बाही मागे सारून मला आपला हात दाखवला. त्यावरचा प्रत्येक केस उभा होता.

"यात खरंच भीती आहे," तो म्हणाला. मग त्याने लॅपटॉप मिटला. "आणि ती फक्त आम्हाला दिसते. करणाऱ्यालाही माहीत नाही."

त्या चष्म्यावाल्या मुलीने अर्थातच बातमी फोडली होती. पुढच्याच आठवड्यात दुकानात एक तरुणी आली, खांद्याला भलीमोठी पिशवी, फ्रेम बघायचं नाटक करत माझ्याकडे चोरून बघणारी. 'व्यत्यय' तिचं होतं. इंटरनेटवर तिचं नाव मुंगी, टीव्हीवरच्या मुंग्यांवरून, आणि मीही पुढे तिला त्याच नावाने हाक मारत गेले. दिवसा ती एका फोटोच्या दुकानात लोकांच्या पासपोर्ट फोटोंमागची भिंत पांढरी करते. मालकांनी आम्हाला डोळे तपासायच्या खोलीत बसायला सांगितलं, आणि तिथे, लहान होत जाणाऱ्या अक्षरांच्या तक्त्याखाली, मुंगी एका दमात बोलत सुटली. भंगारवाल्याकडे टेपांचं खोकं मिळालं, त्यात ही होती, कोण आहे ते लिहिलेलं नव्हतं, शोधलं, खरंच शोधलं हो काकू, पण.

"मला वाटलं, तुम्ही गेलात," ती म्हणाली.

"कुठे?"

तिने जीभ चावली. मग मीच हसले, आणि तीही हसली, आणि पिशवीतून रुमाल काढून नाक पुसायला लागली. "काढून टाकते मी सगळं," ती म्हणाली. "आजच."

मी म्हटलं, ते राहू दे, आधी मला हे सांग की तू जन्मलीस तेव्हा या टेपा कचऱ्यात गेल्या होत्या, मग तुला आणि तुझ्यासारख्या पोरांना त्यांची भीती का वाटते. आम्हाला तर ते सुख होतं, रविवारचं. मुंगीने विचार केला. "आमच्याकडे सगळं इतकं स्वच्छ दिसतं ना, काकू. काहीही थांबवा, मोठं करा, परत बघा. जे मोठं करून बघता येतं त्याचं कसलं भय? पण तुमचं ते चित्र..." ती शब्द शोधत होती. "त्यात काहीतरी असतं आणि दिसत नाही. आणि सगळे आपले शांतपणे हवामान सांगत असतात. मी एकटीच नाही हो. कुठकुठल्या देशांतली मुलं करतात हे. आपापल्या गावचं जुनं टीव्ही केंद्र काढतात नि त्यात काहीतरी सोडतात. अक्षरशः हजारोंनी. माझी आजी म्हणते, आम्ही मेहनतीने रंगीत टीव्ही घेतला आणि तुम्ही तो परत बिघडवताय."

मला ती पोरगी आवडली. तक्त्यावरचं शेवटचं बारीक अक्षर मला दिसत नव्हतं, तिकडे बघत मी म्हणाले, "काढून टाकू नकोस. पुढच्या भागात मला घे. आजच्या मला. पण चेहरा मी वापरणार, आणि हात काय बोलतील ते मी आणि माझा भाऊ ठरवणार."

"चालेल! काय बोलणार?"

"ते तुला सांगणार नाही."

"मलाही नाही?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत मला तेच दिसलं जे दुकानातल्या त्या मुलीच्या डोळ्यांत होतं. फरक एवढाच की या वेळी मला ते हवंहवंसं वाटलं.

पण गोष्ट तेवढी सोपी नव्हती. दादाची एक संस्था आहे, बहिऱ्यांची. एक जुना हॉल, लोखंडी खुर्च्या, चहाचं मोठं पातेलं. दादा तरुणपणापासून तिथे रोज संध्याकाळी जातो. वहिनी त्याला तिथेच भेटली. संस्थेचा अध्यक्ष त्याचा शाळेपासूनचा मित्र, झुपकेदार मिशांचा, म्हणून खुणांमध्ये त्याचं नावच मिशी. 'व्यत्यय' त्यांच्यापर्यंतही पोचलं होतं आणि मिशी भडकला होता. मी दादाबरोबर गेले त्या दिवशी सगळे गोल करून उभे होते आणि मिशीचे हात हवा कापत होते. "शाळेत आपले हात बांधून ठेवायचे, आठवतं? बोललो तर छडी. माकडं म्हणायचे. आता पोरं आपली भाषा बघून किंचाळतात. आता आपण भुतं! आणि तुझी बहीण त्यांच्यात नाचणार?" शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून, माझ्या हनुवटीचं नाव घेऊन केलं. खरं सांगायचं तर मला तो बरोबर वाटला. रस्त्यात भाऊ माझ्याशी बोलायला लागला की मी पिशवी या हातातून त्या हातात घेत घाईने उत्तर द्यायची, असं एक वय होतं माझं; लोक बघायचे म्हणून. तशाच बघण्यासाठी मी आता स्वतःहून पडद्यावर उभी राहणार होते.

दादाने मिशीला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "हॉल दे. एक रविवार, दुपारचा. आमचा भाग दाखवतो; ती पोरंही येतील, आपणही बसू. आपली भाषा खाली गेली असं तुला वाटलं तर मी परत या दारातून आत येणार नाही." मिशीने हॉलची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. परत येताना मी त्याला म्हटलं, असं कशाला बोललास, तुला दुसरं आहे काय? तो म्हणाला, "म्हणून तर बोललो. चांगलं कर."

मग आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायला लागलो, लहानपणी जिन्यात बसायचो तसे. तो एक वाक्य करायचा, मी ते करून बघायची. "नाही. घाबरवू नकोस. तू त्यांना वाचवतेयस. आईसारखा चेहरा कर, आगीची बातमी हळूच सांगणाऱ्या." आम्ही भांडलो. एका खुणेवरून दोन दिवस अबोला धरला, म्हणजे टेबलाशी बसून एकमेकांकडे बघितलं नाही. बहिऱ्या माणसाशी अबोला धरायचा तर नजरच काढून घ्यावी लागते, आणि त्यात तो माझ्यापेक्षा फार तयार आहे. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर चहा ठेवला आणि माझीच खूण करून दाखवली. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली.

मुंगीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जुने, पोट सुटलेले टीव्ही एकावर एक; जवळून गेलं की काचेशी हातावरची लव ओढली जायची. तिचा मामा, विमा कंपनीतला कारकून, टाय लावून बातम्या वाचायला बसला होता आणि घामाघूम झाला होता. मुंगी चित्र टेपवर घ्यायची, मग त्या टेपवरून दुसरीवर, तिच्यावरून तिसरीवर. दर खेपेला चित्रातलं काहीतरी गळायचं. याला ती 'मुरवणं' म्हणायची. चाचणीच्या पहिल्या मुरवणीनंतर दादा खुर्चीतून उठलाच. माझी बोटं एकमेकांत विरघळली होती, एक अक्षर वाचता येत नव्हतं. मुंगी म्हणाली, पण तीच तर मजा आहे; दादा म्हणाला, मग मजा कर, मी चाललो. मधे मी, इकडचं तिकडे सांगत. शेवटी मुंगीच टाळी वाजवून उभी राहिली. "बाकी सगळं मुरू दे. मामा सडू दे, हवामान सडू दे. गोल तेवढा ताजा ठेवते!" आणि तसं केल्यावर जे दिसलं त्याने तिघंही मागे सरकलो. कुजत चाललेल्या जगाच्या कोपऱ्यात एक स्वच्छ, जिवंत बाई.

मग खऱ्या भागासाठी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा माझा चेहरा हलेचना. इतकी वर्षं दाबून धरलेला दरवाजा, बिजागऱ्या गंजलेल्या. दादा कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला आणि आपणच बोलायला लागला, भुवया, गाल, खांदे, सगळं घेऊन, आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. कुठेतरी मधे माझ्या गालात काहीतरी सुटलं. नंतरचं मला नीट आठवत नाही. संपलं तेव्हा मामा टाय सोडून नुसताच बघत बसला होता, त्याला अक्षरही कळलेलं नसताना.

तो रविवार आला. पडदे ओढून भर दुपारी हॉलमध्ये संध्याकाळ केली होती. 'व्यत्यय' बघणारी मुंगीची पोरं आली, काळे टीशर्ट, फोन, खिदळणं. संस्थेची माणसं आली, गंभीर, मिशीच्या मागे मागे. दारात दादा उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला बोटाने खुर्ची दाखवत होता. एक ऐकणारा, एक बहिरा. परत एक ऐकणारा, एक बहिरा. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, म्हातारा माणूस व्यवस्था लावतोय एवढंच. मिशीच्या शेजारी एक दाढीवाला, धिप्पाड तरुण आला. मी अगदी मागे, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पुढे दादाची टाळू दिसत होती, आणि मला राहून राहून वाटत होतं, उद्या संध्याकाळी हा माणूस कुठे जाईल?

मुंग्या आल्या. चित्र आलं. मामा वाचू लागला: हवेतील आर्द्रता, पुलाची दुरुस्ती, टोमॅटोचे भाव. पोरं आनंदाने हुंकारली, त्यांना हे सगळं ओळखीचं होतं. आणि कोपऱ्यात मी सांगत होते.

ही बातमी ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आहे. घाबरू नका. हा जो बोलतोय तो माणूस नाही. तो आवाजातून येतो, कानातून आत जातो. तुमच्यात शिरायला त्याला दार नाही. तुम्ही वाचलात. आता हळूच शेजारी बघा. शेजाऱ्याला ऐकू येतं का?

हॉलमधली निम्मी डोकी वळली. घाई नाही, आवाज नाही, सगळी एकाच वेळी. मागून मला ते गव्हाच्या शेतातून वारा जावा तसं दिसलं. पडद्याच्या उजेडात वळलेले चेहरे मला कडेने दिसत होते. आधी एका ऐकणाऱ्याला जाणवलं की शेजारचे गृहस्थ आपल्याकडे बघतायत. मग त्याने पलीकडे बघितलं तर तिथलेही. मग त्याने पुढे मागे बघितलं. आणि ते बघणं रागाचं नव्हतं, टवाळीचं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत दया होती. पडद्यावर मामा सांगत होता की उद्या आकाश निरभ्र राहील, आणि कोपऱ्यात माझे हात सांगत होते, त्याला सांगू नका. उशीर झालाय. त्याचा हात धरा. मिशीने सावकाश आपला हात उचलला आणि त्या धिप्पाड तरुणाच्या मनगटावर ठेवला.

त्या तरुणाची किंकाळी पहिली. तिच्यामागून सगळा हॉल उठला. खुर्च्या आपटल्या, कुणी कुणाच्या मांडीवर गेलं, कुणी दाराकडे धावलं, मुंगी स्वतः दोन्ही हातांनी तोंड दाबून भिंतीला चिकटली, कारण पुढच्या रांगेतून दादा तिच्याकडे बघत होता. आणि मग पडदे सरले, ऊन आत आलं, आणि दादाचं हसणं फुटलं. त्याच्यामागून मिशीचं, मग सगळ्यांचं, कुणीही कधी आवर घालायला न शिकवलेलं ते हसणं, लोखंडी खुर्च्यांवरून, छतापर्यंत. पोरंही हसायला लागली, धापा टाकत, छातीवर हात ठेवून, काहीच कळलं नसताना.

पुढे तो भाग इंटरनेटवर गेला, दूरदूर गेला. कुठल्या कुठल्या गावांतून बहिऱ्या माणसांनी आपापल्या घरच्या ऐकणाऱ्या मंडळींना तो दाखवला आणि योग्य क्षणी त्यांच्याकडे वळून बघितलं, त्याचे व्हिडिओ आले. आणि खाली ऐकणाऱ्यांनी गयावया करत विचारलं की ती काय म्हणते, कुणीतरी सांगा, आणि कुणीही सांगितलं नाही. पण ते नंतरचं. त्या दुपारी मिशी माझ्यासमोर आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हसून आलेलं की कसलं, कोण जाणे. "तुझा चेहरा," तो म्हणाला, "कुठे होता इतके दिवस?" मग जरा थांबून, "पुढल्या वेळी मला घ्या. ही मिशी भुताला शोभेल."

पातेल्यातला चहा फिरत होता. आयुष्यभर अशा प्रत्येक गर्दीत मी मधे उभी असते, इकडचं तिकडे करत; जेवणाच्या टेबलावर सगळे हसले आणि दादाने बाही ओढून विचारलं, काय झालं, की घास गिळत म्हणायची, नंतर सांगते. नंतर कोण सांगतं? आता ती काळ्या टीशर्टांची पोरं माझ्याभोवती गोळा झाली. "काकू, काय म्हणालात तुम्ही? प्लीज, सांगा ना." मी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले. "मला नका विचारू," मी म्हणाले. "लिहिलं दादाने आहे. त्याला विचारा."

ती एकमेकांकडे बघायला लागली. मग तो धिप्पाड दाढीवाला पुढे झाला, दादासमोर जाऊन उभा राहिला, आणि आपले मोठे, अवघडलेले हात वर करून, कसं विचारावं ते न कळून, ते तसेच हवेत धरून राहिला. दादा मिशीशी काहीतरी बोलत होता, छापखान्यातला कुठलातरी जुना, लांबलचक किस्सा. त्याने त्या तरुणाला बघितलं, तळहात दाखवून थांबायची खूण केली, आणि आपला किस्सा अगदी सावकाश, शेवटपर्यंत सांगितला.